बालमानसशास्त्राची एक वर्षाची पदविका : एका प्राथमिक शिक्षिकेने केलेले परीक्षण

गेल्या वर्षी पुण्यातील एका खासगी संस्थेतून मी बालमानसशास्त्र व समुपदेशन या विषयाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका पूर्ण केली. जुन्नर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौदा वर्षे मी पहिली-दुसरीचे वर्ग शिकवत आहे. शनिवारची सकाळची शाळा आटोपायची, दुपारच्या एसटीने नारायणगावहून पुणे गाठायचे, संध्याकाळची दोन व्याख्याने ऐकायची, रविवारी दिवसभर वर्ग करून रात्री परतायचे आणि सोमवारी परिपाठाला हजर राहायचे, असा क्रम वर्षभर सांभाळला. फी ३८,००० रुपये होती आणि ती दोन हप्त्यांत भरता आली. आमच्या तुकडीत माझ्यासारख्या शिक्षिका होत्या, अंगणवाडीच्या दोन पर्यवेक्षिका होत्या, मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्या गृहिणी होत्या आणि बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या, यातच पुढे व्यवसाय करण्याची उमेद बाळगणाऱ्या तरुण मुलीही होत्या. या शेवटच्या गटासाठी मी हे परीक्षण विशेष काळजीने लिहीत आहे, कारण त्यांच्या पैशापेक्षाही त्यांची वर्षे मोलाची आहेत. संस्थेचे नाव मी देत नाही. याच धर्तीचे अभ्यासक्रम अनेक ठिकाणी चालतात आणि मला जाणवलेले दोष एकट्या त्याच संस्थेचे असतील असे मला वाटत नाही.

माझे मत आधीच सांगते. मुलाकडे नीट पाहायला शिकायचे असेल तर हा अभ्यासक्रम फीच्या प्रत्येक रुपयाला पुरेपूर उतरतो. मात्र मुलाची मानसशास्त्रीय तपासणी करण्याचा, निदान करण्याचा किंवा स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक विकारांचे निदान व मानसोपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) म्हणवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, आणि ही गोष्ट प्रवेशापूर्वी आम्हाला कोणीही स्पष्ट शब्दांत सांगितली नाही.

आधी चांगल्या बाजूविषयी. पहिल्या सत्रात निरीक्षणाचे प्रात्यक्षिक होते. एखाद्या अंगणवाडीत एक तास बसायचे, एकच मूल निवडायचे आणि ते काय करते ते वहीत लिहायचे, एवढेच काम. मी पहिल्या दिवशी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले, ‘मुलगा हट्टी आहे, दुसऱ्या मुलांना खेळणी देत नाही.’ मॅडमनी ‘हट्टी’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले आणि विचारले, “ताई, हट्टी कुठे दिसला तुम्हाला? काय दिसलं ते लिहा.” मी पुन्हा त्याच अंगणवाडीत गेले आणि या वेळी फक्त दिसले ते लिहिले. मुलाने लाल मोटार दोन्ही हातांत धरली. दुसरा मुलगा जवळ आला तेव्हा त्याने ती पोटाशी घेतली. त्याने दाराकडे तीन वेळा पाहिले. सेविकाताईंनी नाव घेऊन हाक मारली तेव्हा त्याने मोटार खाली ठेवली आणि त्यांचा पदर धरला. दुसऱ्या मुलाने मोटार उचलली, तरी हा रडला नाही. एवढे लिहून झाल्यावर ‘हट्टी’ हा शब्द कुठे बसवावा ते मला कळेना. त्याला मोटार हवी नव्हतीच, त्याला धरायला काहीतरी हवे होते. सेविकाताईंकडे चौकशी केली तेव्हा समजले की त्याची आई आठवड्यापूर्वी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि हा वडिलांजवळ राहिला होता. चौदा वर्षांत मी किती प्रगतिपुस्तकांवर ‘हट्टी’, ‘अबोल’, ‘लक्ष नाही’ असे शेरे मारले असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसरे काहीच शिकवले नसते आणि एवढे एकच प्रात्यक्षिक करून घेतले असते, तरी मी हा अभ्यासक्रम इतरांना सुचवला असता.

आई आणि मूल यांच्यातील बंधाविषयीची व्याख्यानेही फार चांगली झाली. या बंधाचा सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे काम, मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि नंतर बाल्टिमोरमध्ये केलेली माता-बालकांची निरीक्षणे, आई काही मिनिटे खोलीबाहेर गेल्यावर आणि परत आल्यावर मूल कसे वागते यावरून काढलेले निष्कर्ष, हे सारे सावकाश आणि चर्चेला भरपूर वेळ देऊन शिकवले गेले. अडचण आली ती भाषेची. छापील टिपणांत ‘अटॅचमेंट’साठी ‘आसक्ती’ असा प्रतिशब्द होता. ‘बालकाची मातेविषयीची आसक्ती’ असे वाक्य वाचले की मराठी कानाला ते खटकते, कारण आसक्ती हा शब्द आपण विषयवासनेच्या किंवा मोहाच्या संदर्भात ऐकत आलो आहोत. वर्गातील एक अंगणवाडी पर्यवेक्षिका सहज म्हणाल्या, “मॅडम, याला आपल्याकडे लळा म्हणतात की.” त्या क्षणी सारा वर्ग जागा झाला. लळा लागतो, लळा लावावा लागतो, तो आईचाच असतो असे नाही, आजीचा असतो, मावशीचा असतो, शेजारच्या काकूंचाही असतो. आणि लळा तुटला की मूल कसे होते हे घरोघरी ठाऊक असते. एकत्र कुटुंबात चार मांड्यांवर वाढलेले मूल आई खोलीबाहेर गेल्यावर रडले नाही, तर त्यावरून त्याचा बंध कच्चा आहे असे म्हणता येईल का, हा प्रश्न ‘लळा’ हा शब्द हाती आल्याबरोबर आम्हाला आपोआप सुचला. ‘आसक्ती’ने तो कधीच सुचला नसता. टिपणे तयार करणाऱ्यांनी कोशातून प्रतिशब्द उचलण्याऐवजी अशा पर्यवेक्षिकांना सोबत घेऊन बसावे, अशी माझी मनापासून सूचना आहे.

मुलांची विचारशक्ती वयाबरोबर कशी वाढते याचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा प्रयोग घरी करून आणायचा होता. भांडे बदलले तरी द्रवाचे प्रमाण तेच राहते हे मुलाला समजते का, हे त्यात पाहतात. माझा पाच वर्षांचा भाचा, दोन सारखे काचेचे पेले, एक पसरट वाडगा आणि कोकम सरबत एवढी सामग्री. दोन्ही पेल्यांत सारखे सरबत आहे हे त्याने मान्य केले. एका पेल्यातील सरबत मी त्याच्यादेखत वाडग्यात ओतले आणि पुन्हा विचारले. तो म्हणाला, “पेल्यात जास्त आहे, मावशी.” पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच झाले, म्हणून मी समाधानाने नोंद केली. मग तो हळूच म्हणाला, “तू परत विचारलंस म्हणून.” ही ओळ मी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा मॅडमनी एडिनबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात घेतलेला आक्षेप समजावून सांगितला. मोठ्या माणसाने मुद्दाम बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारला की उत्तरही बदलावे अशी अपेक्षा आहे असे मूल समजते, त्यामुळे पियाजे यांच्या पद्धतीत मुलाची समज प्रत्यक्षाहून कमी दिसते, असा तो आक्षेप होता. आपल्या शाळांत तर याचा रोज प्रत्यय येतो. बाईंनी ‘नक्की?’ असे विचारले की बरोबर उत्तर दिलेले मूलही पाटी पुसते. परदेशातील संशोधन आपल्या वर्गखोलीत कसे उघडून पाहावे, याचा असा धडा देणारे शिक्षक लाभणे ही या अभ्यासक्रमाची खरी मिळकत आहे.

या विषयाला आपल्या भूमीत मोठी परंपरा आहे, आणि ती शिकवण्यात मात्र संस्था फार कमी पडली. फ्रॉइड यांना सहा व्याख्याने मिळाली. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, स्थापनेनंतर वर्षभरातच, १९३७ साली, बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते, याचा उल्लेख एका वाक्यात आटोपला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी पाड्यांवर जे उभे केले, म्हणजे मूल शाळेत येत नसेल तर शाळाच अंगणात आणि कुरणात नेण्याची कल्पना, ती बालमानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र प्रकरणाच्या मानाची आहे. आम्हाला तिच्यासाठी अर्धा तासही मिळाला नाही.

मुलांची बुद्धी आणि विकास मोजणाऱ्या मानसशास्त्रीय कसोट्यांचा इतिहास मात्र एका अतिथी व्याख्यात्यांनी असा सांगितला की तो विसरणे शक्य नाही. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी व कन्नड रूपांतर केले. नागपुरात आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या कसोटीवरून भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन श्रेणी बसवली, ती १९६९ची. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी अर्भकांच्या विकासमापनाची श्रेणी तयार केली. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत आणि अडीच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ती अजूनही वापरली जाते. मराठी मुलखात आणि त्याच्या आसपास इतके काम झाले आहे, हे ऐकून आम्हाला अभिमान वाटला. पण त्याच व्याख्यात्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, “आजच्या मुलाची तुलना आपण कोणत्या मुलाशी करतो आहोत?” कामतांनी ज्या मुलांवरून मानके ठरवली ती मुले आज आजोबा-पणजोबांच्या पिढीतील आहेत. कसोटीतील आकडा कितीही ठाम वाटला, तरी तो कोणाच्या तुलनेत आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाने तो पालकांच्या हाती देऊ नये, हे मला त्या दिवशी पटले. वाचनातील अडचणींसाठी मनेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांमधील तपासणीची जी साधने तयार केली, त्यांत मराठीचा समावेश आहे, ही माहितीही त्याच व्याख्यानात मिळाली. मराठी माध्यमातील मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन त्याची अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचण) ठरवण्याचे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत, म्हणून मला या माहितीचे मोल अधिक वाटले.

दवाखान्यातील प्रात्यक्षिकाचे तास माहितीपत्रकात १२० सांगितले होते. माझ्या वहीत त्यांपैकी ४३ तासांवर सह्या आहेत. चाळीस विद्यार्थ्यांमागे कसोट्यांचे तीन संच होते. ही सरळसरळ फसवणूक आहे, असे मी म्हणणार नाही, परंतु जे देता येत नाही ते छापू नये. जे ४३ तास मिळाले त्यांतील एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. सहा वर्षांचा एक मुलगा आला होता. आईवडील ऊसतोडीला जाणारे, त्यामुळे शाळा दर वर्षी मध्येच सुटलेली. त्याच्यापुढे सेगाँ फळी ठेवली. लाकडी फळीवर दहा आकारांचे खळगे असतात, त्यांत वर्तुळ, चौकोन, चांदणी असे दहा ठोकळे बसवायचे असतात आणि लागलेला वेळ घड्याळावर मोजतात. घड्याळ सुरू झाले, पण मुलाने हात पुढे केला नाही. वीस सेकंद, तीस सेकंद. माझ्या मनात निष्कर्ष तयारही झाला होता. मार्गदर्शक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी घड्याळ बंद करून टेबलाखाली ठेवले आणि त्याला विचारले, “काय झालं बाळा?” तो म्हणाला, “घेऊ का? मोडलं तर?” त्यांनी एक ठोकळा मुद्दाम खाली पाडला, तो मोडत नाही हे दाखवले, आणि दहा मिनिटे त्याला त्या ठोकळ्यांचे घर बांधू दिले. त्यानंतर त्याने आमच्यापैकी कोणाच्याही अपेक्षेपेक्षा भराभर सगळे आकार बसवले. तीस सेकंदांच्या त्या थांबण्याचा अर्थ लावायला किती वर्षांचे शिक्षण आणि किती मुलांचा सहवास लागतो, हे त्या खोलीत बसल्याशिवाय समजत नाही. संच वापरण्याची रीत पुस्तिकेत छापलेली असते, ‘मोडलं तर?’ हे ऐकण्याची तयारी कुठल्याही पुस्तिकेत नसते.

म्हणूनच व्यवसायाच्या बाबतीत मी कडक बोलणार आहे. आमच्या निरोपसमारंभात ‘आता तुम्ही बालमानसशास्त्रज्ञ झालात’ असे व्यासपीठावरून सांगितले गेले आणि पुढच्या दोन महिन्यांत वर्गातील एका मुलीने बुद्धिमापन करून देण्याची पाटी लावली. तिचा दोष मी मानत नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते की भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, ती १९९२च्या कायद्यान्वये होते, आणि तिच्यासाठी परिषदेने मान्य केलेलेच प्रशिक्षण हवे. आजवर त्याचा मुख्य मार्ग म्हणजे मानसशास्त्रातील एम.ए.नंतर रुग्णालयातील दोन वर्षांचे एम.फिल. असाच राहिला आहे. अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आहे, पण तिचे प्रमाणपत्र शासनाने अधिकृत केलेल्या वैद्यकीय मंडळाकडूनच मिळते. खासगी केंद्राच्या कागदावर मुलाला सवलत मिळत नाही, आणि गरीब पालकांचे त्या कागदासाठी खर्च झालेले पैसे वाया जातात. शिवाय २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्याने मानसशास्त्राशी संबंधित इतर व्यावसायिकांनाही नियमनाच्या कक्षेत आणले आहे, आणि त्याच अनुषंगाने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करण्याचा जो रस्ता माझ्या अनेक सहकारी शिक्षिकांनी मनात धरला होता तो आता नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना बंद झाला आहे. ज्यांना या क्षेत्रात खरोखर उतरायचे आहे त्यांनी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन एम.ए. किंवा एम.एस्सी. करण्याचीच तयारी ठेवावी.

या क्षेत्राला वाव नाही, असे मात्र मुळीच नाही. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे (मुलांमधील विकासाच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रे) आहेत आणि त्यांत मानसशास्त्रज्ञाचे पद आहे. २०१५च्या बालन्याय कायद्यात गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बालन्याय मंडळावरील सामाजिक सदस्यांच्या पात्रतेत बालमानसशास्त्राच्या पदवीचा नावानिशी उल्लेख आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्या प्राथमिक मूल्यमापनाची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि मंडळावर या विषयाचा जाणकार नसेल तर अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. १०९८ ही बालकांची मदतवाहिनी मुंबईत १९९६ साली सुरू झाली, आणि आज प्रत्येक जिल्ह्यात बालसंरक्षणाचे काम करणारी यंत्रणा आहे. या सगळ्या ठिकाणी माणसे हवी आहेत, मराठीत मुलाशी बोलता येणारी माणसे तर अधिकच हवी आहेत. हा तपशील आमच्या एकाही व्याख्यानात आला नाही, मला तो स्वतः शोधावा लागला. व्यवसायमार्गदर्शनाच्या नावाने जे एकमेव सत्र झाले त्यात स्वतःचे केंद्र कसे थाटावे आणि त्याची जाहिरात कशी करावी, एवढेच सांगितले गेले, याचे मला अतिशय वाईट वाटते.

किरकोळ बाबी थोडक्यात सांगते. ग्रंथालय चांगले आहे, पण रविवारी दुपारी बंद असते, आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना तोच एक वेळ मोकळा मिळतो. परीक्षा पूर्णपणे पाठांतरावर आधारलेली आहे. ज्या निरीक्षणवहीने मला बदलले तिला शंभरांपैकी दहाच गुण आहेत. प्राध्यापक वेळेवर येतात, फोनला उत्तर देतात आणि एकदाही कोणाच्या मराठी माध्यमाला कमी लेखत नाहीत.

कोणी शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा पालक मला विचारतील तर मी त्यांना हा अभ्यासक्रम करायला सांगेन, आणि निरीक्षणाचे प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या मॅडम त्या वर्षी आहेत ना याची खात्री करून घ्यायलाही सांगेन. व्यवसाय करू इच्छिणाऱ्या मुलींनी हे वर्ष आणि हे पैसे एम.ए.च्या प्रवेशतयारीसाठी राखून ठेवावेत. पाटी लावलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीशी मी दोन वेळा बोलले. तिने पाटी उतरवली आहे आणि ती आता एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. या पदविकेने कोणते अधिकार मिळत नाहीत ते माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापावे, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे. पुढील तुकडीच्या माहितीपत्रकात तसे वाक्य आले, तर या परीक्षणातील तेवढा भाग मी आनंदाने बदलेन.